भुई, ओटा आणि छत



कामगार चळवळीतल्या माणसाने वास्तुरचनेवर बोलावे ह्याचे काहींना नवल वाटले असेल. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा त्यांचीही समजूत अशी होती की आम्ही बोनस नाहीतर महागाई घेऊ. परंतु इमारती बांधणारे आमचेच लोक आहेत आणि त्या इमारतींत उभे राहून आयुष्य काढणारेही आमचेच आहेत. तेव्हा ह्या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांला आहे असे आम्ही समजतो. पदवी आमच्यापाशी नाही. गवंड्यांशी गप्पा मारून आणि वाचनालयात बसून जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भिंती येतात. चार भिंती म्हणजे घर, असेच आपण बोलतो. आमचे म्हणणे असे की जागा घडते ती आधी आडव्या पातळ्यांनी, भिंतींचे काम मागाहूनचे. गवंडी काम कसे सुरू करतो ते पाहा. तो आखणी करतो, पाया खणतो आणि जोते उचलतो. जोत्याचा माथा पाणसळ लावून एकसारखा करतो. ओळंबा पुढे येतो, भिंत चढू लागल्यावर. त्या जोत्यावर अजून एक वीट उभी नसते, तरी रस्त्याने जाणारा माणूस त्यावर सहजासहजी पाय ठेवीत नाही. दोन फूट उंचीने त्याला सांगितलेले असते की ही जागा कोणाची तरी आहे. भिंत दृष्टी अडवते, आणि पातळी तर पाऊलच अडवते.

उलटही होते. जमीन खाली गेली की जागा होते. आपल्या गोदावरीतली कुंडे घ्या, खेड्यातली बारव घ्या. चार पायऱ्या उतरलो की आवाज बदलतो, वारा पडतो, आपण कशाच्या तरी आत आलो असे वाटते. आणि वर तर उघडे आभाळ असते. तिसरा प्रकार डोक्यावरचा. भर उन्हात चार बांबूंवर कापड ताणले की त्याच्या सावलीएवढी खोली तयार झाली. लग्नाचा मांडव म्हणजे दुसरे काय? गावच्या पारावर तर दोन्ही गोष्टी एकत्र आहेत: खाली दगडी ओटा, वर पिंपळाचे छत. भिंत एकही नाही, तरी पंचायत तेथे भरली, वादविवाद झाले, आणि कोणी पारावर बसायचे व कोणी खाली धुळीत उभे राहायचे हेही तेथेच ठरले.

ह्या शेवटच्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

जुन्या नाशकातला वाडा घ्या. रस्ता, रस्त्यावरून पायऱ्या, मग ओटा. उंबरठा ओलांडून ओसरी, खाली चौक, चौकापलीकडे माजघर. अमक्या पातळीपर्यंत यावे असे पाटीवर कोठेही लिहिलेले नसे. भाजीवाली ओट्यापाशी थांबे. कुळे ओसरीच्या कडेला टेकत. सोयरे माजघरापर्यंत जात. आणि ज्यांना गावाने अस्पृश्य ठरविले होते त्यांच्यासाठी पहिली पायरीसुद्धा नव्हती. ते रस्त्यावरून हाक मारीत. पेढीवर हाच प्रकार लाकडात आणि कापसात उतरलेला दिसे. शेटजी गादीवर, कारकून सतरंजीवर, हमाल दाराशी उभा. वाड्यांचे कडीपाट, नक्षीचे खांब ह्यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यही आहे. सुताराचा हात त्यात आहे, तो आमचाच माणूस. परंतु त्या सौंदर्याचे वर्णन करताना एकेका पायरीने किती माणसे बाहेर ठेवली ह्याचा हिशेबही मांडला पाहिजे.

नाशकाला हा हिशेब नवा नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराकडे जो मोर्चा निघाला तो कशासाठी होता? देवळाच्या प्राकारात पाऊल ठेवण्यासाठी. दारे बंद करण्यात आली. मोर्चा वळला आणि गोदेच्या घाटावर येऊन त्याची सभा झाली. दुसऱ्या दिवशी सत्याग्रही चारही दरवाजांपुढे बसले; पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा पुढे वर्षानुवर्षे चालविला. १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी तो थांबविण्याचा सल्ला दिला, आणि १९३५ च्या ऑक्टोबरात आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, धर्मांतराची घोषणा केली. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली आला.

ह्या सत्याग्रहाचे राजकीय अर्थ विद्वानांनी सांगितले आहेत. आम्ही फक्त त्यातल्या जागेकडे पाहतो. आतली फरशी नाकारली गेली तेव्हा लोकांच्या हाती दोन आडव्या जागा राहिल्या, एक घाट आणि दुसरा दरवाजापुढचा रस्ता. त्यांनी त्या दोन्ही वापरल्या. घाटाची रचना अशी आहे की तेथे कोणी एक माणूस उंच बसत नाही. पायरीवर बसले की पुढच्याच्या डोक्यावरून पलीकडचे दिसते, हजारो माणसे एकमेकांना पाहू शकतात. आणि रस्त्यावर बसणे, म्हणजे आपण ज्याला ठिय्या म्हणतो, त्यात उभ्या माणसाला ढकलता येते तसे बसलेल्याला ढकलता येत नाही. त्याला उचलावे लागते.

पुढे अमेरिकेत फ्लिंट ह्या गावी मोटारीच्या कारखान्यातील कामगारांनी हेच केले. १९३६ च्या ३० डिसेंबरपासून ४४ दिवस ते कारखान्याच्या आतच बसून राहिले, मोटारींच्या गाद्यांवर झोपले. एरवी संप म्हणजे फाटकाबाहेर जाणे. बाहेर गेले की मालक दुसरी माणसे आत घेई. आत बसल्यावर यंत्रांपुढची जागाच त्यांच्या ताब्यात राहिली, आणि जनरल मोटर्ससारख्या कंपनीला संघटनेशी करार करावा लागला.

आता थोडे मागे जाऊ. त्रिरश्मी डोंगरावरची लेणी, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, ती आपण सर्वांनी पाहिली असतील. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे गौतमी बलश्री ह्या राजमातेने दिलेले. आत मोठे सभागृह आहे आणि तीन बाजूंनी भिंतीलगत दगडातच कोरलेला बाक आहे. त्या बाकाने सभागृहाचा अर्थ ठरविला आहे. मधली जमीन मोकळी राहिली, बसणारे कडेने बसले, आणि बाक एकाच उंचीचा असल्याने सारे एका पातळीवर आले. बाहेर येऊन समोरून पाहा. व्हरांड्याच्या खाली सहा धिप्पाड आकृती कोरल्या आहेत आणि ओसरीचा सारा भार त्यांनी वाहिला आहे असे दाखविले आहे. कलेचे जाणकार त्यांना गण म्हणतात. आमच्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्याने त्यांना पाहताच "हे आपले सभासद" म्हणून नमस्कार केला होता. जाता जाता सांगतो, दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखात ३००० कार्षापणांची कायम ठेव नोंदविली आहे, आणि ती गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवलेली होती: २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक ह्या व्याजाने, १००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. विणकरांच्या संघटनेवर राजाच्या जावयाचा विश्वास होता. हे विषयांतर झाले, पण नाशकात बोलताना ते टाळवत नाही.

आता कारखान्याकडे येऊ. १९४८ च्या कारखाना कायद्यात गर्दीसंबंधी एक कलम होते, सोळावे. नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे ५०० घनफूट जागा हवी, असे त्यात मूळ शब्द होते. पण त्यापुढचे वाक्य आम्हांला फार शहाणपणाचे वाटते: जमिनीपासून १४ फुटांच्या वरची जागा हिशेबात धरायची नाही. ज्याने हे लिहिले त्याला मालकाची युक्ती ठाऊक होती. छप्पर तीस फुटांवर नेले की घनफूट भरतात आणि खाली माणसे खेटून उभी करता येतात. १४ फुटांची मर्यादा घातल्यावर तसे होत नाही. ५०० ला १४ ने भागा. माणशी सुमारे ३६ चौरस फूट भुई आली, म्हणजे सहा फूट बाय सहा फूट. छत किती उंच आहे ह्यापेक्षा पायाखाली किती जमीन आहे हे पाहा, असे त्या कलमाने सांगितले. त्याच कायद्याच्या ४४ व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती, संधी मिळेल तेव्हा टेकता यावे म्हणून. आता २०२० च्या व्यवसायसुरक्षा संहितेने त्या कायद्याची जागा घेतली आहे. कायदा कोणताही असो, आम्ही कारखान्यात गेलो की आधी स्टूल कोठे आहे ते पाहतो. एका कारखान्यात (नाव घेत नाही) स्टुले होती, पण ती भांडारात एकावर एक रचून ठेवलेली, तपासनीस यायच्या दिवशी बाहेर काढण्यासाठी.

कापडाच्या दुकानांतल्या मुलींची तर आणखीच तऱ्हा. ग्राहकासाठी गादी, आणि दाखविणारी दिवसभर उभी. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून ह्या नोकरांना बसण्याचा हक्क दिला. एक बाकडे मिळविण्यासाठी विधिमंडळापर्यंत जावे लागले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हमालाचे पाहा. रेल्वेच्या मालधक्क्यावर धक्क्याचा माथा आणि डब्याचा तळ जवळजवळ एका पातळीत असतात. पाठीवर पोते घेतलेला माणूस सपाटीने चालत जातो. बाजारात किंवा गोदामात पुष्कळदा असा धक्का नसतो. मग ट्रकच्या फाळक्याला फळी लावतात आणि तेच ओझे चढावर न्यावे लागते. पावसात ती फळी निसरडी होते. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ साली एका माणसाने ५५ किलोपेक्षा अधिक ओझे वाहू नये अशी शिफारस केली. आपल्याकडे माथाडी कायदा १९६९ साली झाला. वजनाबद्दल आम्ही भांडलो, दराबद्दल भांडलो. धक्क्याच्या उंचीबद्दलही भांडले पाहिजे, कारण कमरेची झीज वजनाइतकीच चढणीने होते. गोदामाचा नकाशा काढणाऱ्याला तीन फुटांची रेघ वर न्यायला काहीच पडत नाही.

सिन्नरच्या विडी कामगार बायकांना तर कारखान्याचीच जमीन नाही. घरची भुई हाच त्यांचा कारखाना. मांडीवर सूप, एका बाजूला पाने, दुसरीकडे तंबाखू. त्याच खोलीत चूल आणि त्याच भुईवर रात्री अंथरूण. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणारीला कामगार मानले, ही मोठी गोष्ट झाली. परंतु तिने कामाला दिलेल्या त्या पाच-सात हात जमिनीचे भाडे तिला कोणी देत नाही.

शेवटी स्लॅबविषयी. जुन्या घरात छताचा भार भिंती वाहत. लोखंड घातलेले काँक्रीट आले आणि छत चार-सहा खांबांवर उभे राहू लागले. १९१४ साली ल कार्बुझिए ह्या वास्तुविशारदाने नुसत्या आडव्या पाट्या, खांब आणि एक जिना असा घराचा सांगाडा चितारून दाखविला. भिंती कोठेही घाला, नाहीतर घालू नका. आज गंगापूर रस्त्यापासून सिडकोपर्यंत जी घरे उभी आहेत ती सारी त्याच जातीची. ह्यात वाईट काही नाही. पण खांबांवर उचललेल्या इमारतीच्या तळाशी काय आले ते पाहा. जेथे ओटा होता तेथे मोटारी उभ्या आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याने टेकावे, म्हाताऱ्यांनी संध्याकाळी बसावे अशी उंची आता रस्त्याकडेला उरली नाही. उरली आहे ती पहारेकऱ्याची प्लास्टिकची खुर्ची. ओट्यावर जातपात होती हे आम्ही आताच सांगितले, ते विसरून त्याचे गोडवे गात नाही. जात न ठेवता ओटा ठेवता आला असता, एवढेच म्हणणे आहे.

नदीचेही तेच केले. गोदापात्रातल्या जुन्या कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतले गेले, आणि ते काढावे म्हणून नाशिककरांना न्यायालयात जावे लागले. कुंडाचा तळ म्हणजे मोरीची फरशी नव्हे. झरे त्यातूनच वर येतात. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कोठवर चढले ते आपण बघतो. ती आपल्या गावाची पाणसळ. सिंहस्थाच्या कामांत घाट वाढविणाऱ्यांनी ती अवश्य जवळ बाळगावी.

आता आमची मागणी. शहरात रोज सकाळी मजुरांचे नाके भरतात. गवंडी, बिगारी, रंगारी, पाटी-फावडे घेतलेल्या बाया दोन-दोन, तीन-तीन तास रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. काम मिळेल की नाही ठाऊक नसते. शहराची प्रत्येक पातळी ज्यांनी बांधली त्यांना टेकायला एक नाही. प्रत्येक नाक्यावर एक ओटा बांधावा, वर पत्र्याचे छत घालावे, कडेला पाण्याचा नळ असावा. भिंती नकोत, भिंती घातल्या की कुलूप येते. ओटा दीड फुटाहून उंच करू नये. त्याहून उंच झाला तर पोर कडेवर असलेल्या बाईला बसता येत नाही, आणि उद्घाटनाला येणाऱ्यांना तो व्यासपीठ वाटू लागतो. लांबी चाळीस फूट पुरे. कडाप्पा किंवा शहाबादी फरशी बसवायला आमचे लोक एक दिवसाची मजुरी सोडायला तयार आहेत. दगड आणि जागा महापालिकेने द्यावी.