युद्धकाळातील आवई



संप चालू असताना कारखान्याच्या दरवाजावर ‘तडजोड झाली, कामावर या’ असे पत्रक फिरू लागले, की आम्ही प्रथम त्याच्या तळाशी पाहतो. छापखान्याचे नाव आहे काय? मोबाइलवर येणाऱ्या मजकुराला तळच नसतो.

मे २०२५ मधील लढाईच्या चार दिवसांत अंधेरी-घाटकोपरच्या वस्त्यांतून काय काय फिरले, ते आठवा. बैरुत बंदरातील २०२० चा स्फोट पाकिस्तानी क्षेपणास्त्राचा मारा म्हणून आला. हजिरा बंदर पेटले म्हणून आले, ते दृश्य २०२१ मधल्या तेलाच्या टँकरचे. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, हीदेखील आवईच. आणि तीही ऐन पगाराच्या तारखांना! सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने ही तिन्ही खोटी ठरविली.

परंतु भिवविणाऱ्या बातमीवर माणूस निदान शंका तरी घेतो. सुखावणारीचे काय? ८ मेच्या रात्री आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकले. असा हल्ला झालाच नव्हता. पुरावा म्हणून फिरलेले एक दृश्य अमेरिकेतील फिलाडेल्फियात जानेवारीत कोसळलेल्या विमानाचे निघाले. त्या रात्री शंका काढणारा मात्र देशद्रोही!

मालकाचे पत्रक तपासणारे आमचे कामगार ‘शेजारच्या कारखान्याने वीस टक्के दिले’ ही आपल्याच गोटातली आवई तपासत नाहीत. तिच्यापायी संप लांबलेले आणि घरी चूल न पेटलेले आम्ही पाहिले आहे.