लाल शाईतलं शुद्ध-अशुद्ध

(बीड जिल्ह्यातल्या विद्यार्थी बैठकीत केलेलं भाषण)



आज मी अर्ध्या मार्कावर बोलणार आहे. हसू नका. शंभरात ३५ लागतात, आणि आपली पोरं अर्ध्या-अर्ध्या मार्कानंच गळतात.

माझा नववीचा इंग्रजीचा पेपर सांगतो. निबंध होता बापावर, १० मार्कांचा. मी लिहिलं, 'माय फादर कट शुगरकेन. ही वेक ॲट थ्री.' कटला एस नाही, अर्धा गेला. वेकला एस नाही, अर्धा गेला. शुगरकेनचं स्पेलिंग चुकलेलं आणि शब्द आलेला पाच वेळा. पाचही वेळा काट. ऊसतोड्याच्या पोराच्या निबंधात ऊस नाही येणार तर काय गुलाब येणार? चूक एक, मार्क गेले अडीच. असं करत १० पैकी २ हातात आले. बाप कोणत्या थंडीत फडात उतरतो, मुकादमाची उचल कशी फिटत नाही, हे सगळं लिहिलं होतं. त्याला मार्क किती, ते कुठंच नव्हतं.

तपासणाऱ्यापुढं पेपरांचा गठ्ठा असतो. स्पेलिंग नजरेला लगेच सापडतं. पोराला काय सांगायचंय ते सापडायला वाचावं लागतं.

मराठीत याला आपण शुद्धलेखन म्हणतो. लिहिण्यातसुद्धा शुद्ध आणि अशुद्ध! ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला, त्यांच्या वहीवर 'अशुद्ध' हा शेरा किती सहज बसतो बघा. शेक्सपिअरच्या सहा सह्या शिल्लक आहेत, त्यात त्याला स्वतःचं नाव एकसारखं लिहिता आलेलं नाही. आणि आजच्या इंग्लंडात सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा असते, तिथं इंग्रजी भाषेत शब्द, वाक्यरचना, स्पेलिंग, विरामचिन्हं या सगळ्याला मिळून २० टक्के मार्क वेगळे बांधून दिलेत. इंग्रजी ज्यांची मायबोली, त्यांचं हे!

स्पेलिंग डोळ्यात बसावं लागतं, शब्द रोज दिसावा लागतो. दिवाळीच्या सुमाराला धारूर, पाटोदा, शिरूर कासारातून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं कारखान्यावर जातात. काही पोरं हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची मायबापासंगं कोपीवर. तिथं इंग्रजी दिसतं ते ट्रकच्या मागं, 'हॉर्न ओके प्लीज'. त्याचं व्याकरण कुणी तपासावं?

कुणी म्हणेल, हे चुका माफ करा म्हणतात. अजिबात नाही. इंग्रजी आम्हाला पाहिजेच. सावित्रीमाईनं १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजीची थोरवी सांगितली, बाबासाहेबांनी आपले मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. चूक दाखवा, बरोबर शब्द शेजारी लिहून द्या. पण शिकवणं वेगळं आणि कापणं वेगळं. 'नॉट' राहिलं तर अर्थच उलटा होतो, तिथं कापा, आम्ही तोंड उघडणार नाही. एस राहिला म्हणून माझा बाप ऊस तोडायचा थांबला का? उतारा वाचून उत्तर विचारलंय तर उतारा कळला का तेवढं बघा. तोच शब्द दहादा चुकला तर एकदाच मोजा. निबंधात भाषेचे मार्क वेगळे आणि मजकुराचे वेगळे लिहा, म्हणजे पोराला कळंल आपण कुठं पडलो.

आता काम. सहामाहीचे तपासलेले पेपर शाळेतून मागून आणा. न मागता कुणी देणार नाही. पुढच्या बैठकीत बसून मोजू, किती मार्क अर्थ मोडला म्हणून गेले आणि किती नुसत्या एसपायी. माझा नववीचा पेपर मी जपून ठेवलाय. पहिला तोच काढू.