पालाचा पत्ता कोण लिहिणार?

(बारामती व इंदापूर तालुक्यांच्या शिवेवरील एका गावी, शाळेच्या पटांगणात जमलेल्या ग्रामस्थांपुढे एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आपण दिवसभर उसात, गोठ्यात, भट्टीपाशी राबून आलेले आहात. तेव्हा लांबण लावण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ओढ्यापलीकडे बाभळीखाली जी पाले पडली आहेत, त्यांतल्या माणसांचा गाव कोणता, एवढाच आमचा विषय आहे.

आपण म्हणाल, त्यांना गाव कसला? आज इथे, उद्या तिथे. हे अर्धेच खरे आहे. फासेपारधी, कैकाडी, वडार, घिसाडी, वैदू ही मंडळी फिरतात खरी, पण कोठवर? बहुतेकांची फेरी नीरेपासून भीमेपर्यंतच संपते. ज्या घिसाड्याने तुमच्या आज्याच्या कुऱ्हाडीला पाणी दिले, त्याचाच नातू आज तुमच्या कोयत्याला धार लावतो. घरातली पाटी कैकाडणीने विणलेली, उंबऱ्याचा दगड वडाराने घडवलेला. माणूस इथलाच आहे. फक्त दप्तरात त्याचे नाव नाही, आणि दप्तरात ज्याचे नाव नाही तो माणूस असून नसल्यासारखा, हा अनुभव आपल्या बापजाद्यांनी कुळकर्ण्याच्या वाड्यासमोर उभे राहून घेतलेलाच आहे.

हे दप्तराबाहेर राहणे आपोआप घडलेले नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ साली तो मुंबई इलाख्यास लागू झाला. अमक्या जातीच्या आईच्या पोटी आलेले मूल जन्मतःच चोर, हे त्या कायद्याचे शास्त्र. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणारे शास्त्र आपल्याकडे आधीच होते. साहेबाने त्यावर सरकारी शिक्का मारला. सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर येथे सेटलमेंटी झाल्या, तशी बारामतीसही झाली. तारेचे कुंपण आणि हजेरी. त्याच काळात कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली, फासेपारध्यांना बोलावून घरे व नोकऱ्या दिल्या. म्हणजे करायचे मनात असले तर त्या काळीही करता येत होते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशातून गेला. पण १९५९ साली आपल्या राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि त्याच सालचा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदाही आला. या दुसऱ्या कायद्यात भिकारी कोण? हात पुढे करणारा तर खराच; पण ज्याच्या पोटापाण्याचे साधन डोळ्यांस दिसत नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा रीतीने भटकतो की भिकेवर जगत असावा असे वाटावे, तोही! दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली हा कायदा दिल्लीपुरता बव्हंशी मोडीत काढला. महाराष्ट्रात तो राहिला. आता डोंबाऱ्याच्या पोरीचे साधन कोणाच्या डोळ्यांस दिसायचे? तिची दोरी म्हणजे काही सातबारा नव्हे.

मूळ अडचण कागदाची आहे, आणि ती आम्ही शाळेच्या टेबलावरून रोज पाहतो. पूर्वीच्या सोवळ्यात निदान आंघोळ करून शिरता येत असे म्हणत; या कागदाच्या सोवळ्यात शिरायला आधी दुसरा कागद लागतो. रेशनकार्डाला पत्ता पाहिजे. पत्त्याला घराचा उतारा पाहिजे. घरकुलाला जागा पाहिजे आणि जातीचा दाखला पाहिजे. जातीच्या दाखल्याला काय पाहिजे, हे ऐका. अनुसूचित जातीच्या माणसाने १० ऑगस्ट १९५० रोजी, अनुसूचित जमातीच्या माणसाने ६ सप्टेंबर १९५० रोजी, आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या माणसाने २१ नोव्हेंबर १९६१ रोजी आपले घराणे महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा द्यावयाचा. भटक्याने पुरावा द्यावयाचा, की त्याचा आजा त्या दिवशी एका जागी बसलेला होता! आजा तर भटका होता म्हणूनच नातू भटक्या जमातीत मोडतो. कागद नसेल तेथे जागेवर जाऊन चौकशी करण्याची मोकळीक नियमांत आहे. पण चौकशीला जाण्यापेक्षा अर्ज परत करणे सोपे, आणि परत केलेला अर्ज घेऊन पुन्हा येण्यासाठी पालकरी बहुधा त्या मुक्कामी राहिलेला नसतो.

यात जातीच्या नावांचा घोळ निराळाच. कैकाडी विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहेत, इकडे विमुक्त जातीत. मुलगी तिकडून इकडे नांदायला आली की तिच्या माहेरच्या कागदाचे व सासरच्या कागदाचे जमत नाही. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, पण गावोगाव त्यांना लोक नाना नावांनी हाका मारतात, आणि हाक मारतात तेच नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात उतरते. येथे आमच्या धंद्यातल्या बंधूंना आम्ही हात जोडून सांगतो. रजिस्टरातली ती एक ओळ आपल्याला किरकोळ वाटते. दाखल करताना बाप घाईत, आपण घाईत. जातीच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहून पुढे रेघ ओढली, जन्मतारीख म्हणून १ जून टाकली की काम झाले. पण वीस वर्षांनी जात पडताळणी समितीपुढे त्याच ओळीचा कीस निघतो, आणि त्या पोराच्या पोराचीही शिष्यवृत्ती तिच्यावर अडते. ज्या घरात दुसरा कोणताच कागद नाही, त्या घराची वंशावळ त्या ओळीपासून सुरू होते. ती विचारून लिहा, म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा, आणि लिहिलेली मोठ्याने वाचून दाखवा.

वयाचा दाखला नाही म्हणून पोर परत पाठवायचे नाही, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये स्वच्छ आहे. तेव्हा शाळेचे दार उघडे आहे. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि त्या दिवसानंतर जन्मलेल्या मुलांना पुढे मतदार यादीपासून सरकारी नोकरीपर्यंत जन्माच्या दाखल्यावाचून दुसरा आधार चालणार नाही असे ठरले. पालात बाळंत झालेल्या बाईच्या मुलाची नोंद आज झाली नाही तर अठरा वर्षांनी त्याचा फास बसेल. मंडळी, जन्मल्यापासून २१ दिवसांत ही नोंद फुकट होते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो; पूर्वी तो कोर्टातून आणावा लागे, २०२३ च्या दुरुस्तीपासून ते काम महसूल खात्याच्या दंडाधिकाऱ्यांकडे आले आहे. आशाताई येथे बसल्या आहेत. ओढ्यापलीकडची बाळंतीण त्यांच्या वहीत आली पाहिजे, एवढीच विनंती.

आता कोर्टाकडे वळू. घर नसलेल्याला समन्स लागू कसे व्हावे? शिपाई येतो, पाल उठलेले असते, ‘मिळून आला नाही’ असा शेरा पडतो. तारीख चुकते, वॉरंट निघते, आणि क्षुल्लक भांडणाचा आरोपी फरारी ठरतो. धरून आणला तर जामीनदार सातबारावाला पाहिजे. पारध्याला सातबारावाला जामीनदार कोण उभा राहील? तुमच्यापैकी कोणी राहिला असेल तर त्याला आमचा नमस्कार. बाकीच्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो: जामीनपात्र गुन्ह्यात अटक झाल्यापासून आठवडाभरात ज्याला जामीनदार देता येत नाही, त्याला निर्धन समजून स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडावे, असे फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्यात २००५ च्या दुरुस्तीने आले होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ४७८ मध्ये आहे. हे कोठडीतल्या माणसाला कोण सांगणार? आणि न सांगितल्याने काय होते ते लांबचे उदाहरण नको. १९९८ च्या जूनमध्ये बारामतीतच एका पारधी गृहस्थाचा पोलिसांच्या ताब्यात जीव गेला. दिलीप डिसोझा यांनी पुढे २००१ साली पुस्तक लिहून ती हकीकत देशापुढे मांडली. बायको-पोरे पालातच राहिली.

वकील फुकट मिळतो, ही गोष्ट आपल्यांतल्या शेकडा किती जणांस ठाऊक आहे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तालुक्या-तालुक्यास विधी सेवा समिती आहे. अर्जदार बाई असेल, मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीचा असेल, कोठडीत असेल, तर त्याचे उत्पन्न पाहण्याचे कारण नाही. जमातीचा म्हणून अर्ज करावा तर पुन्हा दाखला आडवा येतो. म्हणून आमचे मत असे की अर्ज घरच्या बाईच्या नावाने करावा. ती बाई आहे याला तहसीलदाराचा दाखला अजून लागत नाही.

आता ज्या कामासाठी ही सभा बोलावली त्याकडे येतो. पाल ओढ्याच्या अलीकडे असले तर एक तालुका, पलीकडे गेले तर दुसरा. एका कचेरीतला कारकून म्हणतो, तुझा मागचा मुक्काम तिकडे, तिकडूनच कागद आण. तिकडचा म्हणतो, आता राहतोस तिकडे जा. दोघेही नियमाने बोलतात आणि माणूस मधल्या मध्ये मरतो. पण आपल्यापुरती एक सोय आहे व ती कोणी वापरीत नाही. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांचा प्रांत एकच आहे. जातीच्या दाखल्यावर सही त्याच कचेरीची. अतिरिक्त सत्र न्यायालय बारामतीस आहे. मग दोन तालुक्यांनी महिन्यातून एक दिवस एकत्र बसायला काय हरकत आहे? शिवेवरच्या गावी, शाळेच्या ओसरीवर, दोन्हीकडचे मंडळ अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, पुरवठ्याचा माणूस, विधी सेवा समितीचा वकील आणि ठाण्याचा हवालदार एका सतरंजीवर. पालकरी एकदाच येईल. जुना मुक्काम तिकडच्याने ओळखावा, नवा इकडच्याने, आणि पंचनामा तेथेच व्हावा. ज्याच्यावर किरकोळ, तडजोडीचा खटला पडून आहे, त्याची यादी त्याच दिवशी करून ती लोक अदालतीपुढे जावी. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा, भीमा ओलांडली की सोलापूर. फलटण, माळशिरस, माढा, करमाळा येथल्या मंडळींनाही हळूहळू बोलावता येईल. पण आधी आपले दोन तालुके तरी एका पानावर जेवू द्या.

याला नवा कायदा लागत नाही. पैसाही फारसा नाही. आधारसाठी ठराविक नमुन्याचा दाखला देणाऱ्यांत सरपंच आहेत, आपल्या विद्यार्थ्यापुरते मुख्याध्यापक आहेत. म्हणजे निम्म्या किल्ल्या याच पटांगणात, तुमच्या-आमच्या खिशात आहेत.

ऊसतोडीला आलेल्या बीडकडच्या मंडळींचे तुलनेने सोपे आहे. कारखान्याच्या तळावर खोपी घालून पाच-सहा महिने काढतात, पण त्यांना मागे गाव आहे, कार्ड आहे. ते कार्ड आता येथल्या दुकानातही चालते. दुकानदाराने नाही म्हटले तर त्याला पावती मागावी.

आमच्या बोलण्यावर दोन शंका येतील, त्या आम्ही बैठकीत ऐकलेल्याच आहेत. पहिली: चोऱ्या होतात त्याचे काय? चोरी झाली तर चोर धरा. पण वस्तीवर चोरी झाली की पहिली गाडी पालावर जाते आणि खरा चोर तेवढ्या वेळात शिव ओलांडून जातो, हे नुकसान कोणाचे? तुमचेच. शिवाय ज्याचे नाव, पत्ता, पोराची शाळा गावाला ठाऊक आहे, त्याच्यावर गावाची नजर राहते. निनावी माणसावर ती राहत नाही.

दुसरी शंका गायरानाची: यांना पत्ता दिला की हे गायरान बळकावतील. मंडळी, गायरानात आज कोणाकोणाचा ऊस उभा आहे याची यादी आम्ही येथे वाचीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढा असे सांगितले, ते जगपालसिंग खटल्यात. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना सरकारने रीतसर दिलेल्या जागेला अपवाद ठेवला. पत्ता लिहून घेणे म्हणजे जमिनीची मालकी देणे नव्हे. मालकीचा रस्ता वेगळा. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना निघाली तेव्हा तिचा नमुना वीस कुटुंबांना प्रत्येकी पाच गुंठ्यांचा होता. म्हणजे एकूण एक हेक्टर, अडीच एकर. जागा नसलेल्यास घरकुलाची जागा विकत घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत आहे, परंतु कालव्याखालच्या आपल्या भागात त्या रकमेत दारातली मोरीसुद्धा येणार नाही. म्हणून जागा ग्रामसभेच्या ठरावाने आणि सरकारी जमिनीतूनच निघेल. तो ठराव आज मांडा असे आम्ही म्हणत नाही. आज माणसे लिहून घ्यावीत.

त्याची सुरुवात आमच्या हाती आहे. मतदार यादीचे आमच्या भागाचे काम आमच्याकडे आहे. घर नसलेल्या माणसाच्या बाबतीत निवडणूक आयोगाची सूचना अशी आहे की त्याने अर्जात जी जागा लिहिली तेथे केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जावे, एकाहून अधिक रात्री जावे, आणि तो खरोखर तेथेच झोपतो असे दिसले तर राहण्याचा दुसरा पुरावा मागू नये. बाभळीखालच्या पालांतून सात जणांनी अर्ज दिले आहेत. उद्या आणि परवा रात्री नऊनंतर आम्ही ओढ्यापलीकडे जाणार आहोत. बॅटरी आमच्याजवळ आहे. कुत्री ओळखीची असलेली दोन माणसे बरोबर हवीत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सभा झाल्यावर येथेच थांबावे.