सात थरांचा रस्ता

पदवीधर मुलामुलींनो, टाळ्या मघाशी भरपूर झाल्या, तेव्हा मी सरळ रस्त्यावर येतो.

मी शाखा अभियंता म्हणून लागलो तेव्हा आमच्या तालुक्यात हॉटमिक्स प्लांट नव्हता. रस्त्याकडेला डांबराची पिंपं, खाली लाकडं आणि जुने टायर पेटवलेले. पायांना गोणपाट गुंडाळलेल्या बायका घमेल्यांतून खडी पसरायच्या, एक गडी झारीनं डांबर शिंपडायचा. डांबर किती तापलंय हे मुकादम वाफ बघून सांगे. थर्मामीटर माझ्या टेबलाच्या खणात, खोक्यातच. चूक माझीच. करपलेलं डांबर ठिसूळ होतं. दुसऱ्या पावसाळ्यात खडी वर आली. मेमो मला मिळाला, मुकादम नामानिराळा.

पुढे प्लांट आले. मिश्रण 150-160 अंशांपर्यंत तापवायचं. वॉर्म मिक्सला त्याहून 30 अंश कमी पुरतात, आणि इमल्शनच्या, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या डांबराच्या, कोल्ड मिक्सला भट्टीच लागत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसनं दोन्हींच्या पुस्तिका 2014 सालीच काढल्या. मी इमल्शनचा प्रस्ताव पाठवला, तर फाइल परत आली. शेरा : ‘दरसूचीत दर नाही.’ पाच ओळींच्या माझ्या पत्राला त्या फाइलीत चाळीस पानांची सोबत मिळाली होती.

हल्ली प्लास्टिकच्या रस्त्यांचं कौतुक होतं. मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी गरम खडीवर टाकाऊ प्लास्टिकचा लेप देण्याची पद्धत शोधली, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. योग्यच झालं. पण मिश्रणात डांबर वजनानं जेमतेम पाच टक्के असतं, आणि प्लास्टिक त्यातला थोडासाच वाटा उचलतं. बाकीची खडी. म्हणजे सुरुंग, क्रशर, डंपरच्या खेपा. कार्बन-कार्बन म्हणता, तर ही खडी ज्या डोंगरातून येते त्याच्याकडेही बघा.

ती खडी जाते कुठे, ते ऐका. एका गावच्या पेठेत भांड्यांचं दुकान होतं. माझी पहिली बदली झाली तेव्हा तिथे तीन पायऱ्या चढून जावं लागे. सतरा वर्षांनी परत गेलो, तर एक पायरी उतरलो. मालक म्हणाले, “साहेब, दुकान तिथंच आहे, तुमचा रस्ता वर आलाय.” पावसाचं पाणी त्यांच्या पातेल्यांत शिरत होतं. दर निवडणुकीला नवं कार्पेट, जुन्याच्या उरावर! खरवडायचं कुणाच्या मनात नाही, कारण बिल नव्या मालाचं निघतं. वाचवलेल्या खडीचं कोण देणार?

माझं एवढंच मागणं आहे. सही तुमची असेल तेव्हा आधी विचारा, जुना रस्ता कुठे गेला? मिलिंग करून, म्हणजे खरवडून, निघालेला माल नाल्याकाठी ओतू देऊ नका. त्यातलं डांबर म्हातारं, कडक झालेलं असतं. रिजुव्हिनेटर किंवा मऊ ग्रेडचं नवं डांबर घालून ते परत वापरता येतं. त्याची पद्धतही छापलेली आहे, 2015 पासून. ठेकेदार म्हणेल, “साहेब, कटकट आहे.” आहेच. प्रमाण काढावं लागतं, चाचण्या कराव्या लागतात. त्यासाठीच तर तुम्हाला चार वर्षं इथे बसवलं.

त्या पेठेत ड्रिल मारून काढलेला कोअर मी आज आणलाय. सात थर आहेत, चहाच्या वेळी मोजून घ्या. प्राचार्यांनी त्याच्याखाली वर्तमानपत्र घातलंय, ते तेवढं हलवू नका.