लाच आणि झोपडीतील दारिद्र्य
(वार्षिक संमेलनातील भाषण)



 आजचा विषय गोड नाही. परंतु घरातील दुखणे घरच्या माणसांपुढेच काढावयाचे असते.

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईत सुमारे ५२ लक्ष माणसे, म्हणजे शेकडा चाळिसांहून अधिक, झोपडवस्तीत राहत होती. त्यांचे दारिद्र्य आळसाचे वा व्यसनाचे फळ आहे, असे आपण सहज बोलून जातो. वस्तीत चार दिवस हिंडल्यावर मला निराळेच दिसले. तेथील माणूस कष्ट करतो. पण कष्टाचे फळ घरी पोहोचण्यापूर्वीच वाटेत वाटले जाते.

झोपडीवासीयाचे सारे जीवन कागदावर टांगलेले असते. १९७६ साली मुंबईतील झोपड्यांची गणना होऊन फोटोपास दिले गेले. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले, आणि विनामूल्य घर कोणाला, हे ठराविक तारखेपूर्वीच्या वास्तव्याच्या पुराव्यावर ठरू लागले. 'परिशिष्ट दोन'च्या यादीत नाव असेल तो पात्र, नसेल तो उघड्यावर! जेथे एका कागदाला घराचे मोल येते, तेथे त्या कागदाचा बाजार मांडणाराही येतो.

पाण्याचेही तसेच. २००० नंतरच्या झोपड्यांना नळ नाकारला जाई. पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले. तोवर गरिबाने दलालाकडून पालिकेच्या दराच्या कित्येक पटींनी पाणी विकत घेतले. माडीवरच्याला स्वस्त आणि झोपडीतल्याला महाग, असा हा उलटा न्याय!

आता हिशेब पाहा. एखाद्या मोलकरीण भगिनीने शिधापत्रिकेसाठी ५,००० रुपये दरमहा शेकडा १० व्याजाने काढले, असे समजू. वर्षात ६,००० रुपये व्याजच जाते. मुद्दल तसेच उभे राहते. मग मुलीची शाळा सुटते, औषध लांबते. श्रीमंताची लाच त्याच्या नफ्यातून जाते. गरिबाची लाच त्याच्या ताटातून जाते.

बंधुभगिनींनो, ही लाच घेणारा कोण? तो काही परका नव्हे. तो कोणाच्या तरी ज्ञातीचा, कोणाचा तरी जावई असतो. स्थळ पाहताना "पगाराखेरीज वरकमाई किती?" असे आपल्याच माजघरात हळूच विचारले जाते. मी स्वतः माझ्या पुतणीच्या वेळी तो प्रश्न ऐकला आणि गप्प बसलो. त्या मौनाची लाज आज येथे सांगतो आहे.

उपाय नाही असे नव्हे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने १० रुपयांच्या अर्जावर आपले प्रकरण कोठे अडले हे विचारता येते. दारिद्र्यरेषेखालील माणसास तेही शुल्क नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणेही गुन्हा ठरले. मात्र बळजबरीने द्यावी लागलेल्याने सात दिवसांत तक्रार केल्यास त्यास संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ हा आहे. परंतु हे कायदे ज्याला वाचता येत नाहीत, त्याला वाचून कोण दाखविणार?

आपल्या ज्ञातीत कचेरीची भाषा जाणणारे निवृत्त लेखनिक पुष्कळ आहेत. त्यांनी दर रविवारी दोन तास ज्ञातिगृहात बसून, ज्ञातीची अट न घालता, येईल त्याचा अर्ज लिहून द्यावा. आणि स्थळ पाहताना वरकमाईचा प्रश्न कोणी काढील, तर त्या घरचा चहा न घेता उठण्याचे धैर्य आपण दाखवावे. शिष्यवृत्त्यांइतकेच हेही ज्ञातिकार्य आहे.