वजन घटविणारी सुई : प्रारंभ आणि पथ्य

आठवड्यातून एकदा पोटाच्या, मांडीच्या वा दंडाच्या त्वचेखाली टोचून घ्यावयाची मौंजारो आणि वेगोवी ही वजन घटविणारी औषधे २०२५ साली भारताच्या बाजारात दाखल झाली, तेव्हापासून त्यांच्याविषयीचे कुतूहल जितके वाढले आहे, तितकी त्यांच्या सेवनातील शिस्तीची जाणीव वाढलेली दिसत नाही, ही मला चिंतेची बाब वाटते. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाचे मुख्यत्वे अनुकरण करून ही औषधे मेंदूला तृप्तीचा संदेश देतात आणि जठरातील अन्न पुढे सरकण्याची गती मंदावतात. परंतु ज्या मंदगतीमुळे भूक शमते, तिच्यामुळेच मळमळ, वांती, बद्धकोष्ठ अशा तक्रारीही उद्भवतात. म्हणूनच वेगोवीचा प्रारंभ ०.२५ मिलिग्रॅमने करून चार-चार आठवड्यांच्या मुदतीने मात्रा वाढविण्याचा दंडक आहे, आणि शेजाऱ्याचे वजन झरझर उतरले म्हणून ही मुदत आपण परस्पर तोडणे सर्वथा अनुचित होय. मळमळत असता भजी-पुरी बाजूस सारावी. मुगाची मऊ खिचडी, ताक असे काही थोडे थोडे, सावकाश घ्यावे, पोट भरल्याची जाणीव होताच हात आवरावा आणि पाणी घोटघोट पीत राहावे. वजनासोबत स्नायूही झिजतात, यास्तव डाळ, अंडी, पनीर यांत हयगय नको. मात्र पोटात असह्य कळ उठून ती पाठीकडे जाऊ लागली, तर स्वादुपिंडाच्या दाहाची शंका घेऊन, पुढील मात्रा न टोचता तत्काळ इस्पितळ गाठावे. आणि मधुमेहासाठी इन्शुलिन चालू असेल, तर रक्तातील साखर एकाएकी उतरू नये म्हणून, पहिली सुई टोचण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.