यंत्रमाग आणि विणकराचे आरोग्य



तापीकाठचे बऱ्हाणपूर हे विणकरांचे प्राचीन नगर होय. सतराव्या शतकात येथे आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने येथील तलम कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. पुढे हातमागाच्या जोडीला यंत्रमाग आला. कापडाचे उत्पादन वाढले; त्याबरोबर विणकराच्या देहावरील भारही वाढला.

यंत्रमागावरील अपघात बहुधा क्षणाच्या घाईतून घडतात. चालू मागात अडकलेले सूत काढण्यासाठी हात घातला जातो, पट्ट्यात सदऱ्याची बाही अथवा पदर सापडतो, किंवा धोटा उसळून डोळ्याला लागतो. पट्टे व दातेरी चाके यांवर भक्कम जाळी, धोट्याला अडसर आणि माग थांबवूनच दुरुस्ती, हे तीन नियम पाळल्यास यांतील पुष्कळसे अपघात टळतात.

आजाराचे तसे नाही. तो पावलांचा आवाज न करता येतो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकारात साप्ताहिक सुटीनंतर कामावर येताच छाती आवळल्यासारखी वाटते. प्रारंभी हा त्रास एका दिवसात ओसरतो. म्हणून त्याची उपेक्षा होते. पुढे तो कायमचा जडतो, आणि विडीच्या व्यसनाने बळावतो. हा विकार पिंजण व कताईच्या खात्यांत अधिक आढळतो. तथापि विणकरही त्यापासून सर्वस्वी मुक्त नाही. कोरड्या झाडूने तंतू उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने सफाई करणे आणि शेडमध्ये वारा खेळता ठेवणे, हे अल्प खर्चाचे उपाय आहेत.

मागांच्या खडखडाटाने येणारे बहिरेपण वेदनारहित असते, परंतु गेलेली श्रवणशक्ती परत मिळत नाही. यास्तव कानात बोळे घालणे आवश्यक. धोट्याच्या छिद्रातून तोंडाने सूत ओढण्याची सवयही घातक होय. एकच धोटा अनेकांच्या ओठी गेल्याने रोग पसरू शकतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच या प्रथेस बंदी केली. सूत ओवण्यास लहानशी आकडी पुरते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांना संरक्षक आवरण व धुळीचा निचरा बंधनकारक केला. परंतु तो सर्वसाधारणपणे विजेवर चालणाऱ्या व दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता. घराला लागून चार-सहा माग चालविणारे असंख्य विणकर त्याच्या कक्षेबाहेर राहिले. धूळ मात्र कामगारांची संख्या मोजून छातीत शिरत नाही. जेथे निरीक्षक पोहोचत नाही, तेथे मालक व कामगार यांनीच निरीक्षक व्हावयास हवे.

इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली आपल्या ग्रंथात, रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा, असे वैद्यांना सांगितले. दवाखान्यात जाणाऱ्या विणकराने तो आपण होऊन सांगावा, आणि शाळेत शिक्षकांनी मागवाल्यांच्या मुलांना या गोष्टी समजावून द्याव्यात. कापडाचे मोल ठरविताना ते विणणाऱ्या हातांचे व श्वासाचे मोल विसरले जाऊ नये.